दमा आणि विषाणूंचा जुनाट संसर्ग : दडून राहणारा की पुन्हा पुन्हा येणारा?

बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये मूसा इब्न मैमून या वैद्याने दम्यावर अरबी भाषेत एक प्रबंध लिहिला. पाश्चात्त्य जगात हा वैद्य मायमोनिडीज या नावाने ओळखला जातो. एका उच्चकुलीन रुग्णासाठी लिहिलेल्या या प्रबंधात आहार, हवा, झोप यांचा विचार आहे. पण आजच्या वाचकाचे लक्ष वेधून घेणारी नोंद वेगळीच आहे. रुग्णाच्या विकाराची सुरुवात साध्या पडशाने होते, विशेषतः पावसाळी दिवसांत, आणि त्यानंतर धाप वाढत जाते, असे त्याने नोंदवले आहे. विषाणूंची कल्पनाही नसलेल्या काळातील हे निरीक्षण आहे. सर्दीला सर्वाधिक वेळा कारणीभूत ठरणारा ऱ्हायनोव्हायरस प्रयोगशाळेत हाती लागला तो सन १९५६ च्या सुमारास.

पडशाने दमा बळावतो हे दम्याच्या प्रत्येक घराला ठाऊक असते. प्रश्न आहे तो त्यापुढचा. विषाणू येतो, दम्याचा झटका देतो आणि निघून जातो, की तो श्वासनलिकांत मुक्काम ठोकून राहतो आणि त्यामुळेच दमा जुनाट होतो? ‘छातीत इन्फेक्शन बसले आहे’ हे वाक्य दम्याच्या मुलांच्या आईवडिलांच्या तोंडी नेहमी ऐकू येते. त्या समजुतीतून प्रतिजैविकांचे कोर्सवर कोर्स होतात आणि रोज घ्यावयाचा पंप मात्र मध्येच बंद केला जातो. त्यामुळे हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा राहत नाही.

झटका आणि विषाणू यांचा संबंध

हा संबंध मोजून दाखवणारे महत्त्वाचे संशोधन इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथे झाले आणि सन १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ९ ते ११ वर्षे वयाच्या १०८ मुलांचा १३ महिने पाठपुरावा करण्यात आला. मुलांनी रोज नळीत जोराने फुंकून श्वासाचा वेग नोंदवायचा आणि त्रास सुरू होताच नाकातील स्रावाचा नमुना द्यायचा, अशी पद्धत होती. खोकला, घरघर आणि श्वासाचा वेग घटणे अशा प्रसंगांपैकी सुमारे ८० ते ८५ टक्के प्रसंगांत विषाणू सापडला आणि त्यांत ऱ्हायनोव्हायरसच्या कुळाचा वाटा सर्वांत मोठा होता. त्याआधीच्या अभ्यासांत हे प्रमाण कमी दिसत असे. विषाणू पेशींवर वाढवून शोधण्याची जुनी पद्धत ऱ्हायनोव्हायरसच्या बाबतीत तोकडी पडत होती, हे त्याचे एक मोठे कारण होते. जनुकीय द्रव्य शोधणारी पीसीआर चाचणी आल्यावर चित्र पालटले.

मात्र याच चाचणीने एक नवा घोटाळाही निर्माण केला. पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा तुकडा दाखवते. तो विषाणू जिवंत आहे की मेलेल्याचा अवशेष आहे, हे ती सांगत नाही. जुनाट संसर्गाच्या वादात पुढे जे काही घडले त्यातील बराच भाग या एका मर्यादेतून आला आहे.

‘जुनाट’ म्हणजे नेमके काय

विषाणूशास्त्रात जुनाट संसर्गाचे दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे मानले जातात. एकात विषाणू सतत थोडा थोडा वाढत राहतो, जसे हिपॅटायटिस सी मध्ये घडते. दुसऱ्यात तो पेशीत निद्रिस्त पडून राहतो आणि संधी मिळताच जागा होतो. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू म्हातारपणी नागीण म्हणून उद्भवतो, तो या प्रकारातला. निद्रिस्त राहण्यासाठी बहुधा डीएनए स्वरूपाचे जनुकीय द्रव्य लागते. ते पेशीच्या केंद्रकात दडून बसू शकते. ऱ्हायनोव्हायरस आणि लहान मुलांत श्वसनाचा गंभीर आजार निर्माण करणारा आरएसव्ही हे दोघेही आरएनए विषाणू आहेत आणि त्यांच्या जीवनक्रमात डीएनएची पायरीच नाही. म्हणजे दम्याशी ज्यांचा संबंध सर्वांत घट्ट आहे, नेमक्या त्याच विषाणूंना कांजिण्यांच्या विषाणूसारखे दडून बसण्याची सोय नाही.

तरीही जुनाट संसर्गाची शंका आली ती काही ठोस कारणांनी. अडेनोव्हायरस हा डीएनए विषाणू टॉन्सिलच्या पांढऱ्या पेशींत दीर्घकाळ टिकतो. सन १९९० च्या दशकात कॅनडातील व्हँकुव्हर येथील संशोधकांनी धूम्रपानाने फुप्फुसे निकामी झालेल्या रुग्णांच्या ऊतींत या विषाणूच्या जनुकाचे अवशेष दाखवले. त्यानंतर सन १९९४ मध्ये स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या दम्याच्या मुलांतही अडेनोव्हायरसच्या दीर्घ वास्तव्याच्या खुणा आढळल्याचे प्रसिद्ध झाले. उंदरांना आरएसव्हीचा संसर्ग दिल्यावर त्याचे जनुकीय द्रव्य फुप्फुसांत शंभर दिवसांनंतरही सापडले. सन २००८ मध्ये पोलंडमधील क्राकाव येथील गटाने दम्याच्या रुग्णांच्या श्वासनलिकेच्या अस्तराचे तुकडे तपासले. त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांत ऱ्हायनोव्हायरस आढळला, तर दमा नसलेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होते.

हा शेवटचा आकडा पाहता क्षणी कोणालाही वाटेल की प्रश्न सुटला. तो सुटला नाही.

एक विषाणू की विषाणूंची रांग

ऱ्हायनोव्हायरसचे ए, बी आणि सी असे तीन गट असून त्यांचे मिळून १६० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. एका प्रकाराची प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध फारशी उपयोगी पडत नाही. म्हणून महिन्याभराच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत ‘ऱ्हायनोव्हायरस आहे’ एवढेच उत्तर आले, तर तो तोच पाहुणा मुक्कामाला राहिला की एक गेला आणि दुसरा आला, हे ठरवता येत नाही. त्यासाठी प्रत्येक वेळी विषाणूचा नेमका प्रकार ओळखावा लागतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन येथे सन १९९८ मध्ये कोस्ट या नावाने एक दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. दमा किंवा ॲलर्जी असलेल्या पालकांची मुले जन्मापासून त्यात घेतली गेली. वारंवार आजारी पडणाऱ्या अशा तान्ह्या मुलांचे नमुने वर्षभर ठरावीक अंतराने घेऊन त्यांतील ऱ्हायनोव्हायरसचा प्रकार ओळखण्यात आला आणि सन २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकाच प्रकाराचा विषाणू दीर्घकाळ टिकल्याची उदाहरणे विरळ होती. बहुतेक वेळा नवा नमुना म्हणजे नवा प्रकार होता. महिनोन् महिने चालणारा एकच आजार म्हणून जे दिसत होते, ती प्रत्यक्षात एकामागून एक येणाऱ्या वेगवेगळ्या संसर्गांची रांग होती.

याचा अर्थ ऱ्हायनोव्हायरस कधीच मुक्काम करत नाही असा नाही. फुप्फुसाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांत आणि रक्तातील प्रतिपिंडे जन्मतः कमी असलेल्या रुग्णांत हा विषाणू महिनोन् महिने राहिल्याचे सिद्ध झाले आहे. पण तेथे प्रतिकारशक्तीच खचलेली असते. दम्याचा सर्वसाधारण रुग्ण या वर्गात मोडत नाही. उपलब्ध पुराव्याचे वजन पाहता, दमा म्हणजे फुप्फुसांत दडलेला विषाणू ही कल्पना बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत टिकत नाही. अडेनोव्हायरसचा अपवाद मात्र खुला ठेवावा लागतो. अडेनोव्हायरसच्या तीव्र न्यूमोनियानंतर काही मुलांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आक्रसतात. अर्जेंटिना आणि चिलीमध्ये अशी मुले मोठ्या संख्येने आढळली आहेत. त्यांची धाप वरवर दम्यासारखी दिसते, पण श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाने तिला उतार पडत नाही. अशा मुलाच्या आजाराला दमा म्हणणे ही निदानाची चूक आहे.

नवरा-बायकोचा प्रयोग

दम्याच्या रुग्णाला सर्दी जास्त वेळा होते का? सर्वसाधारण समजूत तशी आहे. ती तपासण्यासाठी एक अतिशय साधी युक्ती योजण्यात आली आणि तिचे निष्कर्ष सन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाला दमा आहे आणि दुसऱ्याला नाही अशी ७६ जोडपी निवडण्यात आली. घर एक, हवा एक, स्वयंपाक एक, आणि सर्दीही बहुधा एकमेकांकडूनच येणार. दर दोन आठवड्यांनी दोघांच्याही नाकातील नमुने घेतले गेले. दमा असलेल्यांच्या १०.१ टक्के नमुन्यांत ऱ्हायनोव्हायरस सापडला, तर निरोगी जोडीदारांच्या ८.५ टक्के नमुन्यांत. हा फरक नगण्य होता. पण संसर्ग झाल्यावर निरोगी जोडीदाराच्या तुलनेत दमा असलेल्याच्या छातीतील त्रास अधिक तीव्र होता आणि जास्त दिवस चालला.

दाराशी येणारा विषाणू दोघांनाही सारखाच भेटतो. घरात शिरल्यावर तो काय करतो यात फरक पडतो, असा या अभ्यासाचा अर्थ होतो. सन २००८ मध्ये लंडनमधील संशोधकांनी १० दमेकरी आणि १५ निरोगी स्वयंसेवकांना एकाच प्रकारच्या ऱ्हायनोव्हायरसचा संसर्ग मुद्दाम देऊन हेच अधिक काटेकोरपणे दाखवले.

अस्तराची दुबळी हाक

श्वासनलिकेच्या अस्तरातील पेशीत विषाणू शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडते. ती शेजारच्या पेशींना सावध करणारी हाक असते. शेजारी आपली दारे बंद करतात, बाधित पेशी शिस्तीने स्वतःचा अंत करून घेते आणि विषाणूची वाढ खुंटते. दम्याच्या रुग्णांच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना ऱ्हायनोव्हायरसचा संसर्ग दिला असता ही हाक क्षीण निघाल्याचे सन २००५ मध्ये साउदॅम्प्टनच्या गटाने दाखवले. पुढच्याच वर्षी इंटरफेरॉनच्या दुसऱ्या एका प्रकाराबाबतही असाच निष्कर्ष आला. हाक क्षीण असल्याने विषाणू अधिक वाढतो, पेशी फुटतात आणि आतील द्रव्य बाहेर सांडते. त्यातून आयएल-३३ सारखे धोक्याचे संदेश निघतात, इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी गोळा होतात, चिकट कफ वाढतो आणि श्वासनलिकेचे स्नायू आवळतात. सर्दी ओसरल्यानंतरही धाप आणि खोकला का रेंगाळतो, याचे स्पष्टीकरण येथे मिळते. विषाणू गेलेला असतो. त्याने पेटवलेली आग धुमसत राहते. पालकांना हीच धुमसणारी आग ‘छातीत बसलेले इन्फेक्शन’ वाटते.

हा निष्कर्ष सर्व प्रयोगशाळांत सारखा आलेला नाही, हेही सांगणे प्राप्त आहे. सन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दमा नीट आटोक्यात असलेल्या रुग्णांच्या इंटरफेरॉनमध्ये उणीव दिसली नाही. वरकरणी हा विरोध वाटतो, पण रुग्णाच्या दृष्टीने त्यातून दिलासाच मिळतो. हाकेतील दुबळेपणा ही जन्मजात आणि कायमची गोष्ट नसून, दमा आटोक्यात नसण्याशी ती निगडित असावी, असा त्याचा संभाव्य अर्थ आहे.

ॲलर्जीचाही यात हात आहे. ॲलर्जीत वाढणारे इम्युनोग्लोब्युलिन ई ज्या पेशींवर चिकटते त्यांत इंटरफेरॉन मोठ्या प्रमाणावर तयार करणाऱ्या पेशीही आहेत, आणि या बंधनामुळे त्यांची क्षमता घटते. अमेरिकेतील शहरी वस्तीतील दम्याच्या मुलांना या इम्युनोग्लोब्युलिनला निष्प्रभ करणारे ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन दिले असता शरद ऋतूतील झटके कमी झाल्याचे सन २०११ मध्ये दिसले. सन २०१५ च्या पुढील अभ्यासात इंटरफेरॉनची निर्मिती सुधारल्याचेही आढळले. औषध ॲलर्जीवरचे आणि सुधारणा विषाणूविरुद्धच्या झुंजीत, अशी ही घटना आहे.

तान्हेपणीचा संसर्ग : कारण की खूण?

तान्हेपणी ज्या बाळाला विषाणूमुळे घरघर होते त्याला पुढे दमा होतो का? अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टुसॉन येथे सन १९८० मध्ये सुरू झालेल्या अभ्यासानुसार, तीन वर्षांच्या आत आरएसव्हीमुळे छातीचा आजार झालेल्या मुलांत सहाव्या वर्षी घरघरीचे प्रमाण जास्त होते. तेराव्या वर्षापर्यंत मात्र हा फरक उल्लेखनीय राहिला नाही. मॅडिसनच्या अभ्यासात ऱ्हायनोव्हायरसचा संबंध कितीतरी बळकट निघाला. सन २००८ मध्ये २५९ मुलांच्या माहितीवरून असे दिसले की, पहिल्या तीन वर्षांत आरएसव्हीने घरघर झालेल्यांत सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता सुमारे २.६ पट, तर ऱ्हायनोव्हायरसने घरघर झालेल्यांत ती ९.८ पट होती.

येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह टाळला पाहिजे. विषाणूने दमा निर्माण केला, की ज्या बाळाच्या अंगी दम्याची प्रवृत्ती आधीच होती त्याला विषाणूने केवळ उघडे पाडले? जनुकीय संशोधन दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवते. बालपणीच्या तीव्र झटक्यांशी निगडित असलेले सीडीएचआर-३ हे जनुक सन २०१४ मध्ये ओळखले गेले आणि त्यापासून बनणारे प्रथिन म्हणजे ऱ्हायनोव्हायरस सी ला पेशीत शिरण्याचा दरवाजा आहे, हे सन २०१५ मध्ये स्पष्ट झाले. ज्या मुलात हा दरवाजा जास्त उघडा असतो त्याला तीव्र झटके येतात.

कारण आणि खूण यांतील भेद करण्याचा खरा मार्ग म्हणजे संसर्ग टाळून पाहणे. नेदरलँड्समध्ये थोड्या अकाली जन्मलेल्या ४२९ बाळांवर हा प्रयोग झाला. आरएसव्हीविरुद्धची तयार प्रतिपिंडे दिल्यावर पहिल्या वर्षातील घरघरीचे दिवस ६१ टक्क्यांनी घटल्याचे सन २०१३ मध्ये जाहीर झाले. तीच मुले सहा वर्षांची झाल्यावर मात्र दोन्ही गटांतील फुप्फुसांच्या क्षमतेत फरक दिसला नाही. दुसरीकडे, सन २०२३ मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यातील सुमारे १,९०० निरोगी बाळांच्या पाहणीत, पहिल्या वर्षी आरएसव्हीचा संसर्ग न झालेल्यांत पाचव्या वर्षी दम्याचे प्रमाण २६ टक्क्यांनी कमी आढळले. ही दुसरी नोंद निरीक्षणाची आहे, प्रयोगाची नव्हे. त्यामुळे तिचे वजन पहिलीइतके धरता येत नाही. आता तान्ह्या बाळांसाठी दीर्घकाळ टिकणारे प्रतिपिंड आणि गरोदर मातांसाठी आरएसव्हीची लस काही देशांत वापरात आहे. ही बाळे शाळेत जाऊ लागतील तेव्हा उत्तर अधिक स्पष्ट होईल. ऱ्हायनोव्हायरसवर मात्र लस नाही. १६० हून अधिक प्रकारांना पुरेल अशी लस बनवणे हेच कोडे आहे.

खऱ्या अर्थाने जुनाट असणाऱ्या विषाणूंचे वर्तन तर आणखी अनपेक्षित आहे. एप्स्टीन-बार हा विषाणू एकदा शरीरात शिरला की आयुष्यभर राहतो. स्टॉकहोममधील मुलांच्या पाहणीत, दोन वर्षांच्या आत हा संसर्ग झालेल्यांत ॲलर्जीची प्रवृत्ती कमी आढळली. म्हणजे एक विषाणू कायम वस्तीला असूनही कदाचित उपकारकच ठरला.

शाळा, पाऊस आणि गर्दी

कॅनडात दरवर्षी सप्टेंबरच्या मध्यानंतर दम्याच्या मुलांची रुग्णालयांत गर्दी होते. उन्हाळी सुटीनंतर शाळा उघडल्यावर साधारण अडीच आठवड्यांनी हा उच्चांक येतो. सन २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा आणि बाजार बंद झाले तेव्हा अनेक देशांत दम्याचे झटके कमी झाले. फुप्फुसांत दडलेला विषाणू हेच मूळ कारण असते, तर दार बंद करून झटके कमी होण्याचे कारण नव्हते.

आपल्याकडे शाळा उघडण्याचा आणि पाऊस सुरू होण्याचा काळ अनेक ठिकाणी एकच असतो. दमट भिंतींवरील बुरशी, कोंदट खोल्या आणि वर्गातील सर्दी एकदमच येतात. त्यामुळे कोणत्या झटक्यामागे काय होते हे कॅनडाइतके स्वच्छपणे वेगळे करता येत नाही. मृग नक्षत्राशी दम्याची सांगड लोकमानसात पक्की आहे. हैदराबादेत त्याच सुमारास दम्याच्या रुग्णांना लहान जिवंत माशासोबत औषध गिळायला देण्याची जुनी प्रथा आहे आणि त्यासाठी दूरदूरचे लोक रांगा लावतात. त्या औषधाचा गुण शास्त्रीय चाचणीत सिद्ध झालेला नाही. दमेकऱ्यांची दाट गर्दी मात्र सर्दीच्या विषाणूला सोयीची असते.

उपचारांवर होणारा परिणाम

प्रतिजैविके जीवाणूंवर चालतात, विषाणूंवर नव्हे. ब्रिटनमध्ये तीव्र झटक्यात अझिथ्रोमायसिनचा उपयोग होतो का हे तपासणारा अभ्यास सन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार हजारांहून अधिक रुग्ण पडताळून केवळ १९९ जणांना त्यात घेता आले, कारण मोठ्या संख्येने रुग्णांना प्रतिजैविक आधीच देऊन झाले होते. जे १९९ उरले त्यांना अझिथ्रोमायसिनचा अतिरिक्त फायदा दिसला नाही. याउलट ऑस्ट्रेलियात सन २०१७ मध्ये, नेहमीची औषधे घेऊनही दमा आटोक्यात न येणाऱ्या ४२० प्रौढांना हेच औषध आठवड्यातून तीनदा ४८ आठवडे दिले असता झटके कमी झाले. हा उपयोग निवडक रुग्णांसाठी आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच आहे. प्रत्येक सर्दीला तीन गोळ्यांचा कोर्स घेणे हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही.

इंटरफेरॉनची उणीव बाहेरून भरून काढण्याचाही प्रयत्न झाला. सर्दी सुरू होताच इंटरफेरॉनची वाफ देणाऱ्या सन २०१४ च्या चाचणीत एकूण रुग्णांत अपेक्षित फरक पडला नाही, फक्त दमा अधिक तीव्र असलेल्या गटात काही लाभ दिसला. सन २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत तीव्र झटके टळले नाहीत.

राहता राहिला तो रोजचा स्टेरॉइडचा पंप. तो विषाणू मारत नाही. तो अस्तराची धुमसणारी सूज शांत ठेवतो, म्हणून पुढचा विषाणू आला तरी आग मोठी भडकत नाही. पंपाची सवय लागते या भीतीने तो बंद करणारी घरे सर्वत्र आहेत, आणि बहुधा तो बंद होतो उन्हाळ्यात, मूल बरे दिसू लागल्यावर. त्यानंतर शाळा उघडते. सन २०१९ पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी १२ वर्षांवरील रुग्णांनी तात्पुरता आराम देणारा निळा पंप एकटाच वापरू नये, सोबत श्वासावाटे घेण्याचे स्टेरॉइड असलेच पाहिजे, असे स्पष्ट सांगितले आहे. लहान मुलांना पंप स्पेसर लावून द्यावा लागतो. स्पेसरशिवाय दिलेल्या औषधाचा मोठा भाग घशातच राहतो, आणि मग ‘पंपाने गुण येत नाही’ अशी तक्रार होते.